जॉयसच्या डबीतले पाच चोक

आपल्याकडे एखादं वयस्कर माणूस "यंदा सोबतीला कोणी नाही हो" असं म्हणालं, की समोरच्याने "मी येते की!" म्हणायचं असतं. मग त्याने "छे छे, तुम्हाला कशाला त्रास" म्हणायचं आणि विषय चहावर न्यायचा. नीलांबरी जन्मभर हेच करत आली होती. आधी नागपुरात, मग गेली सत्तावीस वर्षं मिशिगनमधल्या ट्रॉयला. पण होणारा व्याही निघाला तिथला शेतकरी. ऑगस्टमध्ये फोनवर तो म्हणाला, "या वर्षी फेझंट पक्ष्यांच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी मी एकटाच. सोबतीचा मित्र फ्लोरिडाला राहायला गेला." नीलांबरीच्या तोंडून सवयीने गेलं, "मी येते की!"

पलीकडे कॅलेंडरची पानं वाजली. मग वॉल्टर म्हणाला, "छान. वीस ऑक्टोबर. सप्टेंबरात जॉयसची बंदूक घेऊन येतो." जॉयस ही त्याची गेलेली बायको.

फोन ठेवल्यावर नवरा उल्हास म्हणाला, "तू काय कबूल केलंस, कळलं का?"

"पक्षी बघायला जायचंय ना? बंदूक आपली सोबतीला."

"बघायला नाही, मारायला."

उल्हास पुण्याचा, गाड्यांच्या सीटांचा इंजिनियर, अंड्यालाही लांबून नमस्कार करणारा. नीलांबरी मटण खाणाऱ्या घरातली खरी, पण तिच्या घरात मटण पिशवीतून यायचं, उडत नाही. नाही म्हणायला अजून वेळ होता. पण लेक निधी फोनवर म्हणाली, "आई, डोन्ट यू डेअर कॅन्सल. जॉयस गेल्यापासून तीन वर्षांत बेनच्या डॅडनी कुणाला कुठे बोलावलं नाहीये." जूनमध्ये निधी आणि बेनचं लग्न ठरलं होतं. नीलांबरीने निमूटपणे शिकाऱ्यांचा सेफ्टीचा कोर्स केला. वर्गातले बाकीचे सगळे सहावी-सातवीतले होते, आणि ती पहिली आली.

सप्टेंबरमध्ये वॉल्टर बंदूक घेऊन आला. शहात्तर वर्षांचा, उंच, ज्यापासून साखर करतात ते बीट पिकवणारा माणूस. मिशिगनचा नकाशा पंजासारखा आहे, म्हणून तिथली माणसं आपला तळहात पुढे करून गाव दाखवतात. वॉल्टरने अंगठ्याच्या नखावर बोट ठेवलं. गावाचं नाव बॅड अ‍ॅक्स. वाईट कुऱ्हाड. उल्हास मराठीत पुटपुटला, "शकुन चांगला आहे."

बंदूक हलकी होती, एका नळीची, लाकूड हाताने गुळगुळीत झालेलं. तिच्याबरोबर खोकल्याच्या गोळ्यांची एक जुनी पत्र्याची डबी. वॉल्टरने ती टेबलावर उपडी केली. बोटाएवढ्या स्टीलच्या चार नळ्या निघाल्या. पाचवी बंदुकीच्या तोंडात बसवलेली होती.

"हे चोक," तो म्हणाला. "बंदुकीच्या तोंडाशी आटे आहेत, त्यात हे फिरवून बसवायचे. काडतुसातून शे-दोनशे छर्रे सुटतात. तोंड मोकळं असेल तर ते लगेच पसरतात, आवळलेलं असेल तर लांबपर्यंत एकत्र जातात. पक्षी कुठला, केवढ्या अंतरावर उठतो, त्यावर चोक ठरतो."

"म्हणजे सोऱ्या," नीलांबरी म्हणाली. "यंत्र तेच, चकती बदलली की कधी शेव, कधी चकली."

हे भाषांतर करून सांगायला उल्हासला पाच मिनिटं लागली. वॉल्टरने ते गंभीरपणे ऐकून घेतलं.

प्रत्येक चोकच्या कडेला खाचा होत्या. पाच खाचा म्हणजे सगळ्यात मोकळा, एक म्हणजे सगळ्यात आवळ. पण जॉयसचा खाचांवर विश्वास नव्हता. तिने प्रत्येकाला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. पाच खाचांवर 'वुडकॉक, ग्राऊस'. हे पक्षी दाट झाडीत पायाखालून उठतात, वीस पावलांत काय ते उरकावं लागतं. चार खाचांवर 'फेझंट, ऑक्टोबर'. तीनवर 'फेझंट, नोव्हेंबर. बदकं'. नोव्हेंबरात फेझंट शहाणे झालेले असतात, लांबूनच उठतात. बदकांना कायद्याने स्टीलचे छर्रे लागतात, आणि स्टील मुळातच कमी पसरतं, म्हणून याहून आवळ चोक त्यांना लावायचा नाही. एका खाचेवर 'टर्की'. टर्की जमिनीवर उभी असते आणि नेम फक्त मान-डोक्याचा, तिथे छर्रे मुठीत धरल्यासारखे जावे लागतात.

"आणि हा?" दोन खाचांच्या चोकवर लिहिलं होतं, 'कशालाच नाही'.

वॉल्टर पहिल्यांदाच हसला. "तीस वर्षं ती शोधत होती याचा उपयोग काय."

मग तो त्यांना नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला. मोठे कागद टांगून प्रत्येक चोकने एकेक बार काढायला लावला. वुडकॉकच्या चोकने कागदभर ठिपके पडले, रांगोळीला पुरतील इतके. टर्कीच्या चोकने ताटलीएवढी चाळण झाली आणि बाकीचा कागद कोरा. "वीस पावलांवर यात फेझंट सापडला," वॉल्टर म्हणाला, "तर खायला काही उरत नाही. आणि ताटली बाजूने गेली तर पक्षी तुम्हाला हसून जातो."

निघताना त्याने दोनच गोष्टी बजावल्या. चोकशिवाय नळी उघडी ठेवायची नाही, आटे खराब होतात. आणि आट्यांना तेल. इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळं नसतं, पण वॉल्टरच्या आवाजात तुम्ही होतं. बंदूक तिच्या हातात देताना त्याने ती क्षणभर सोडली नाही, हे तिच्या लक्षात आलं.

दोन ऑक्टोबरला दसरा होता. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, नीलांबरी दरवर्षी शस्त्रं पुजायची. शस्त्रं म्हणजे तिचं शिलाई मशीन, ज्यावर ती अर्ध्या ट्रॉयचे ब्लाउज शिवायची, मोठी कात्री, उल्हासचा लॅपटॉप आणि गाडीची किल्ली. यंदा घरात पहिल्यांदा खरं शस्त्र होतं. तिने बंदूक रिकामी आहे ना ते दोनदा पाहिलं, पाटावर आडवी ठेवली. सोऱ्या पुजताना चकत्या कशा सगळ्या मांडतात, तसे पाचही चोक समोर ओळीने मांडले. फुलाने पाणी शिंपडलं. ओल्या बोटाने प्रत्येकाला हळद, प्रत्येकाला कुंकू, वर अक्षता. बंदुकीच्या तोंडाशीही एक बोट लावलं. जॉयसची आठवण काढून हात जोडले. न पाहिलेल्या विहिणीला दुसरं काय द्यायचं?

पूजेतलं दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती पाट आवरायला बसली आणि दाराची बेल वाजली. सीमा नावाची बाई, संध्याकाळी रास-गरबा, आणि ब्लाउजचा हूक तुटलेला. 'नळी उघडी ठेवायची नाही' एवढं नीलांबरीला नेमकं आठवलं. हाताला लागला तो चोक तिने उचलला, न पुसता बंदुकीत फिरवला, आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण लावावं तसा गच्च आवळला. बंदूक पिशवीत गेली, पिशवी कपाटात. तेल दुसऱ्या नियमात होतं, आणि तोवर सीमा आत येऊन बसली होती.

धनत्रयोदशीच्या सकाळी तिने बंदूक बाहेर काढली. परवा पहाटे निघायचं, तर ऑक्टोबरचा चोक लावून ठेवावा. आत होता टर्कीचा. तिने चोक काढायची चावी लावली, फिरवली. हलला नाही. जोर लावला. तोंडाशी हळदीची पिवळी रेघ आणि तिच्याखाली तपकिरी गंज.

"अहो," तिने हाक मारली. त्या हाकेवरून उल्हास नाश्ता सोडून आला.

दिवसभर त्यांनी सगळं केलं. गंज सुटायचं तेल, हेअर ड्रायर, परत तेल. चावी घसरली आणि नळीच्या कडेवर नखभर ओरखडा उमटला. दुपारी बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्याने भिंगातून पाहिलं आणि हळदीला बोट लावून विचारलं, "हे काय आहे?" मग म्हणाला, "तीन आठवडे लागतील. नाहीच निघाला तर तोंडाकडची नळी कापावी लागेल."

रात्री निधीशी बोलणं झालं. "आई, दॅट्स जॉयसची गन! बेनलासुद्धा हात लावू देत नाहीत ते."

"मग मला कशी दिली?"

"आय डोन्ट नो. तू येते म्हणालीस. बाकी कोणी म्हणालंच नव्हतं."

हे ऐकून तिला आणखी वाईट वाटलं. बेनच्या आईचं त्या घरात हातात धरण्यासारखं जे राहिलं होतं, ते तिने हळदकुंकवाने जाम केलं होतं.

उल्हासने तोडगा काढला. "बोलूच नकोस. परवाचा दिवस पार पाडू. मग म्हणायचं, साफ करून आणून देते. तीन आठवड्यांत दुरुस्त करून परत. त्याला पत्ता लागणार नाही."

"आणि नळी कापावी लागली तर?"

"तर तेव्हा बोलू."

तिला तो तोडगा आवडला, म्हणून तिची झोप उडाली.

सोमवारी वीस तारीख. नेमकी नरकचतुर्दशी. पहाटे चारला उटणं लावून अंघोळी झाल्या, पायाखाली कारीट म्हणून छोटी काकडी फोडली. भगव्या रंगाची टोपी आणि जाकीट, शिकारीत सक्तीचं, चढवून ती जिन्यातून उतरली तेव्हा उल्हास म्हणाला, "नरकासुराची काही खैर नाही." स्वतः तोही भगव्या टोपीत होता. एकटीला सोडायचं नाही म्हणून निघाला होता, हातात फराळाचा डबा.

वॉल्टरचं स्वयंपाकघर गरम होतं. त्याने कॉफी ओतली. खुर्चीच्या पाठीवर जॉयसचं शिकारीचं जाकीट टांगलेलं होतं, इस्त्री केलेलं. नीलांबरीने ते पाहिलं आणि फराळाचा डबा उघडून पुढे सरकवला. वॉल्टरने चकली उचलली, फिरवून पाहिली. पायाशी त्याची तपकिरी-पांढरी कुत्री पिकल बसली होती. तिने उटण्याचा वास घेतला आणि तीनदा शिंकली.

"कुठला चोक लावलाय?" वॉल्टरने विचारलं.

"टर्कीचा."

तो हसला. "नीला, एवढं शिकवलं ते वाया गेलं का?" पूर्ण नाव त्याला कधी जमलं नव्हतं. "आणा, बदलून देतो."

उल्हासने तिच्याकडे पाहिलं. मान किंचित हलवली, नाही अशी. नीलांबरी म्हणाली, "तो निघत नाही."

"निघतो. चावी द्या."

"निघत नाही, वॉल्टर. मी खराब केलाय."

तिने सगळं सांगितलं. पाट, पाणी, हळद, सीमाचा ब्लाउज, बंदुका दुरुस्त करणारा. ओरखडाही दाखवला. लोखंड, ज्याच्यावर माणसाचं पोट आणि जीव अवलंबून असतो, त्याला वर्षातून एकदा आम्ही नमस्कार करतो, असं ती म्हणाली. ते सांगतानाच तिला ते फार मोठं आणि निरुपयोगी वाटलं. "नळी कापावी लागेल म्हणाला तो. मी नवी आणून देईन. पण ही तशी होणार नाही, ते मला माहिती आहे."

वॉल्टरने बंदूक उघडली, रिकामी आहे ते बघितलं, खिडकीशी नेऊन नळीतून आरपार पाहिलं. बोटाने तोंडाची कड चाचपली. बराच वेळ चाचपली.

"तेल लावा म्हणून सांगितलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"दोनच गोष्टी सांगितल्या होत्या."

"हो."

उल्हास मध्ये पडला, "खरं तर चूक माझीसुद्धा..." पण त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

वॉल्टरचा चेहरा लाल झाला होता. तो दाराबाहेर गेला. खिडकीतून दिसत होता, अंगणात उभा, हात खिशात. पिकल त्याच्यामागे गेली आणि परत आली. उल्हास हळूच म्हणाला, "सांगितलं होतं तुला." नीलांबरी म्हणाली, "गप बसा हो जरा."

वॉल्टर आत आला तेव्हा त्याच्या हातात काडतुसांचा खोका होता. "पूर्ण बसलाय, नळी साफ आहे. शिशाचे छर्रे चालतील, धोका नाही," तो म्हणाला. "पण आता तुम्ही चोक निवडू शकत नाही. अंतर निवडा. पक्षी उठला की लगेच मारायचं नाही. पस्तीस-चाळीस पावलं जाऊ द्यायचा."

"तेवढं मला कसं कळणार? मी तर घाबरून आधीच मारीन."

"एखादं वाक्य म्हणा. पक्षी उठला की म्हणायचं, ते संपलं की घोडा. लांबही नको, आखूडही नको."

नीलांबरीने विचार केला. आयुष्यात तिने जे वाक्य सगळ्यात जास्त वेळा म्हटलं होतं, तेच तोंडात आलं.

कापणी झालेल्या मक्याच्या शेताकडेने, उंच गवताच्या पट्ट्यातून ते चालले. वॉल्टर डावीकडे, ती उजवीकडे, उल्हास बराच मागे, डबा घेऊन. पिकल थांबली, शेपटी ताठ. फडफडत पक्षी उठला. तपकिरी, आखूड शेपटीचा. मादी. मादी मारायची नाही. कोणीच बंदूक उचलली नाही.

दुसरा उठला तो नर. लांब शेपूट, मानेत पांढरी पट्टी, लग्नाला निघाल्यासारखा. तिच्या पायापासून दहा पावलांवर. नीलांबरी वाक्यबिक्य सगळं विसरली आणि बार काढला. ताटलीभर छर्रे कुठेतरी बीटात गेले. फेझंट कोकलत पलीकडच्या शेतात उतरला.

"हसून गेला," वॉल्टर म्हणाला. स्वयंपाकघरानंतरचं त्याचं ते पहिलं वाक्य.

तासाभरात त्याने स्वतः एक टिपला. मग ओढ्याच्या काठी, लव्हाळ्यात, पिकल पुन्हा ताठ झाली. पुन्हा नर, पुन्हा जवळून. नीलांबरीने बंदूक खांद्याला लावली, सेफ्टी सरकवली, पक्ष्याच्या मागोमाग नळी नेली आणि मोठ्याने म्हणाली, "अहो, दूध बघा जरा, उतू जातंय!"

"बघतो!" मागून उल्हास ओरडला.

बार झाला. लांबवर पक्षी हवेत दुमडला आणि पडला. पिकल धावली. नीलांबरीला वाटलं होतं आपल्याला आनंद होईल किंवा रडू येईल. दोन्ही झालं नाही. वॉल्टरने पक्षी तिच्या हातात दिला. तो गरम होता आणि दिसत होता त्यापेक्षा जड. मानेची हिरवी-निळी पिसं तिने सरळ केली, केस विंचरावेत तसे. उल्हासने दुसरीकडे पाहिलं, पण जवळ येऊन उभा राहिला.

"काय म्हणालात मघाशी?" वॉल्टरने विचारलं.

उल्हासने भाषांतर केलं. वॉल्टर इतका हसला की त्याला बांधावर बसावं लागलं. हसता हसता टोपी काढून डोळे पुसले, आणि मग नुसतेच पुसत राहिला. "जॉयस 'नॉट यू, वॉल्टर' म्हणायची," तो म्हणाला. "प्रत्येक पक्ष्याला. म्हणजे हा माझा, तू मारू नकोस." एवढंच. मग उठून चालायला लागला.

दुपारी परतल्यावर त्याने पक्षी साफ करायला दाखवला. नीलांबरीने बाह्या सारून तो केला. उल्हास फराळाचा डबा घेऊन गाडीत जाऊन बसला. मग वॉल्टर म्हणाला, "बंदूक इथे ठेवून जा."

तिला हे अपेक्षित होतं. "बरोबर आहे," ती म्हणाली. "तुम्ही दिलीत हेच खूप होतं."

"काय बरोबर आहे? त्या कापणाऱ्याकडे नाही द्यायची मला. माझ्या गोठ्यात नळी घट्ट धरायचा शिकंजा आहे, तेल आहे, अख्खा हिवाळा आहे. रोज थोडं तेल, थोडा जोर. मार्चपर्यंत निघेल."

"आणि नाही निघाला तर?"

"नाही निघाला तर नाही निघाला. तुम्ही म्हणाला होतात की हिला नमस्कार केलात. जॉयसला?"

"तिलाच."

वॉल्टरने मान हलवली. डबी उचलली, उघडली, चारही चोकांवरचा पिवळा-लाल थर पाहिला. चिकटपट्ट्यांवर पाण्याने पेन्सिल थोडी पुसट झाली होती, पण वाचता येत होती. त्याने झाकण लावून डबी तिच्या तळहातावर ठेवली. "हे तुम्ही साफ करायचे. कागद न काढता. आणि नोव्हेंबरात परत आणायचे. माझी जुनी बंदूक देईन, तिला हेच बसतात."

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. रांगोळी उल्हासवर सोपवून नीलांबरी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून बसली. जुना दातांचा ब्रश, रॉकेलसारखा वास मारणारं तेल, अस्तराच्या मऊ कापडाचे तुकडे. एकेका चोकच्या आट्यांतून हळद काढायला अर्धा तास लागला. 'कशालाच नाही' वाल्यात एक अक्षता अडकली होती, ती सुईने काढली. कागदांना तेलाचा डाग लागू दिला नाही. चारही ओळीत मांडून तिने फोटो काढला आणि वॉल्टरला पाठवला.

उत्तर यायला वीस मिनिटं लागली. बहुतेक एका बोटाने टाईप केलं असावं.

"अजून तेल."

तिने बाटली पुन्हा उघडली.